काढलेला ॲक्सेस दर सोमवारी परत येतो: देणारा कसा शोधायचा

लक्षण असं. गुगल शीटच्या शेअर यादीतून एक माणूस काढला. दोन-चार दिवस ठीक गेले. सोमवारी शीट उघडली तर तोच पत्ता, तोच 'एडिटर', जसा काही गेलाच नव्हता. पुन्हा काढला. पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. आमच्याकडे हे सलग चार आठवडे चाललं आणि त्यात माझं बरंच रक्त आटलं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे. घाई असेल तर एवढंच घ्या: शेअर यादी बघत बसू नका, लॉग (कोणी कधी काय बदललं त्याची नोंद) बघा. यादीत ॲक्सेस कोणाला आहे ते दिसतं, कोणी दिला ते लॉगमध्ये दिसतं.

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कोरुगेटेड बॉक्सच्या कारखान्यात संगणकाचं सगळं बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरपासून कॅमेऱ्यापर्यंत. नव्वदेक माणसं, त्यातल्या चाळीस जणांना कंपनीचा मेल. आमचा मोठा धंदा संत्र्याच्या खोक्यांचा. आंबिया बहार सुरू झाला की काटोल, वरूडकडून फोन सुरू होतात आणि कागदाचा भाव हलला की तीन प्लाय, पाच प्लायचे दर आठवड्यात दोनदा बदलतात. हे दर 'डीलर रेट' नावाच्या एका शीटमध्ये असतात. कारखान्यात तिजोरी एक आणि ही शीट दुसरी.

दिवाळीनंतर आमचा एक सेल्सवाला सोडून गेला, दुसऱ्या खोकेवाल्याकडे. त्यात काही वावगं नाही. त्याच दिवशी मी त्याचं खातं सस्पेंड केलं आणि निर्धास्त झालो. तीन आठवड्यांनी काटोलच्या एका डीलरचा फोन आला. "भाऊ, तुमचा रेट आज सकाळी बदलला न? तुमचे आधीचे साहेब तर त्याच्यापेक्षा पन्नास पैसे कमी सांगून राहिले." आमचा दर सकाळी साडेनऊला बदलला होता, फोन अकराला आला. अंदाजाने दीड तासात कोणी नेमके पन्नास पैसे कमी सांगत नाही.

शीट उघडली. शेअर यादीत त्याचा कंपनीचा पत्ता नव्हता, पण त्याचं खाजगी जीमेल होतं, एडिटर म्हणून. इथे पहिली चूक सापडली आणि ती बहुतेक छोट्या कंपन्यांत सापडेल. फिरतीवरची पोरं म्हणतात, "कंपनीचा मेल माझ्या मोबाइलवर चालत नाही," आणि कोणीतरी त्यांच्या जीमेलला शेअर करून मोकळं होतं. मग खातं सस्पेंड करा नाहीतर डिलीट करा, त्या जीमेलच्या परवानगीला धक्काही लागत नाही. दाराचं कुलूप बदललं, मागची खिडकी उघडीच.

काढलं. सोमवारी परत आलं. आधी वाटलं, ग्रुपमधून येत असेल. 'विदर्भ सेल्स' हा ग्रुप शीटला जोडलेला होता, आणि ग्रुपमधून मिळालेला ॲक्सेस शेअर यादीत माणसाच्या नावाने दिसत नाही, फक्त ग्रुपचं नाव दिसतं. ग्रुपमध्ये तो होताच. तिथून काढला. मग वाटलं, फोल्डरमुळे असेल. माय ड्राइव्हमधली फाइल ज्या फोल्डरमध्ये असते त्याची परवानगी तिला लागू होते, आणि फाइलवर थेट दिलेली परवानगी वेगळी राहते, म्हणून एक काढून भागत नाही. फोल्डरही झाडून घेतला. सोमवारी डिस्पॅचच्या सुपरवायझरनेच हाक मारली, "दादा, तुम्ही काढलं म्हणता, अन् तो तर दिसून राहिला."

तेव्हा कुठे लॉग उघडला. पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता.

लॉगमधली ती ओळ

गुगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये (कंपनीची सगळी खाती जिथून सांभाळतात तिथे) रिपोर्टिंगखाली ऑडिट आणि इन्व्हेस्टिगेशनचा भाग आहे, त्यात ड्राइव्हचा लॉग असतो. तुमच्या प्लॅनमध्ये तो आहे का, आधी बघून घ्या. नसेल तर ड्राइव्हमध्ये फाइल निवडून बाजूच्या तपशिलाच्या पट्टीत 'ॲक्टिव्हिटी' उघडा. तिथेही कोणी कोणाला शेअर केलं ते दिसतं, फक्त गाळण लावता येत नाही. लॉगमध्ये मी फाइलचं नाव टाकलं आणि परवानगी बदलल्याच्या घटना तेवढ्या ठेवल्या. तीन रकाने महत्त्वाचे: कोणी केलं, कोणासाठी केलं, कधी केलं.

कोणासाठी: त्याचं जीमेल. कधी: सोमवार, सकाळी ६ वाजून १७ मिनिटं. कोणी: मी.

हो, माझाच पत्ता. सोमवारी सहा सतराला मी अंथरुणात असतो, आणि नागपूरच्या थंडीत तर कोणी उठवलं तरी उठत नाही. पोटात गोळा आला. वाटलं, आपलंच खातं हॅक झालं. पासवर्ड बदलला, सगळीकडून साइन आउट केलं, टू-स्टेपमधला जुना फोन काढला, ओळखीच्या नसलेल्या ॲप्सना दिलेली परवानगी रद्द केली. मालकांना सांगितलं नाही, हेही कबूल करतो. पुढचा सोमवार. सहा सतरा. पुन्हा मीच.

मग शांत बसून मागचे सोमवार काढले. सगळीकडे तेच मिनिट. तिथे डोक्यात उजेड पडला. चोर असो की माणूस, सलग चार सोमवारी एकाच मिनिटाला कामाला लागत नाही. घड्याळ लागतं. गुगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये (शीटची कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम लिहायची सोय) वेळेचा ट्रिगर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारं घड्याळ, लावताना आपण 'सहा ते सात' असा तासच निवडतो. त्या तासातलं मिनिट ते स्वतः ठरवतं आणि मग तेच धरून चालतं. कोणाच्या नावावर विचित्र वेळी, दर वेळी त्याच मिनिटाला ॲक्सेस दिलेला दिसला, तर हॅकरच्या आधी ट्रिगर शोधा.

त्यासाठी script.google.com हा पत्ता उघडा. तिथे डाव्या बाजूला 'माय ट्रिगर्स' आहे. उघडलं आणि दोन वर्षांपूर्वीचा मी समोर आलो. तेव्हा फील्डवरची पोरं रोज ओरडायची, शीट उघडत नाही म्हणून. कंटाळून मी बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती: 'फील्ड टीम' नावाच्या टॅबमधला दुसरा रकाना वाच, त्यातला प्रत्येक पत्ता तीन शीटना एडिटर म्हणून जोड, दर सोमवारी. पोरांचं ओरडणं थांबलं, टॅब लपवला आणि मी विसरलो. त्या टॅबच्या चौदाव्या ओळीत तो सेल्सवाला होता, जीमेलसकट. लपवलेल्या टॅबमधून कोण कशाला नाव काढतं?

ट्रिगर ज्याने लावला त्याच्या नावाने चालतो, म्हणून लॉगमध्ये मी. आणि पासवर्ड बदलून तो थांबला नाही, कारण त्याला माझा पासवर्ड लागतच नव्हता. परवानगी मी एकदाच, दोन वर्षांपूर्वी देऊन बसलो होतो. आणखी एक अडचण: दुसऱ्याने लावलेला ट्रिगर तुमच्या पानावर दिसत नाही. म्हणजे लॉगमध्ये ज्याचं नाव आहे त्यालाच त्याच्या खात्यातून बघायला बसवावं लागतं. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना बसवलं तर त्यांच्याकडे असे तीन निघाले. त्यातले दोन नोकरी सोडून गेलेल्या एका ट्रेनीने त्यांच्या लॉगिनवरून लावलेले. "मला काय माहीत ट्रिगर काय असतो," त्या म्हणाल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं.

मिनिट दर वेळी वेगळं असेल तर

मग देणारा माणूस आहे, आणि तो बहुधा निरागस आहे. सगळ्यात जास्त वेळा मला सापडलेलं कारण म्हणजे 'रिक्वेस्ट ॲक्सेस'चा मेल. बाहेर गेलेला माणूस जुनी लिंक उघडतो, शीट अडवते, तो विनंतीचं बटण दाबतो, मेल मालकाला किंवा एडिटरला जातो. तो एडिटर त्या वेळी बर्डीवर ट्रॅफिकमध्ये उभा असतो. ओळखीचं नाव दिसतं, अंगठा 'शेअर'वर जातो. नाव ओळखीचं आहे हीच इथली अडचण. यासाठी शेअरच्या खिडकीतल्या सेटिंगमध्ये 'एडिटर परवानगी बदलू आणि शेअर करू शकतात' ही खूण काढून टाका. एवढ्याने आमच्याकडची निम्मी पुनरागमनं थांबली. काही सीनियर रागावले, पण रेट शीटचा एडिटर दर बदलण्यासाठी असतो, माणसं बदलण्यासाठी नाही.

दुसरं, कॅलेंडरच्या आमंत्रणाला किंवा जीमेलला शीट जोडली की 'या लोकांना ॲक्सेस नाही, द्यायचा का' असा प्रश्न येतो आणि माणसं वाचल्याशिवाय हो म्हणतात. चॅटच्या स्पेसमध्ये फाइल टाकली तर स्पेसमधल्या लोकांना परवानगी मिळते, नंतर आलेल्यांनाही. आणि 'लिंक असलेला कोणीही' चालू असेल तर यादीतून काढणं म्हणजे नुसतं समाधान. हे सगळं लॉगमध्ये वेगवेगळ्या घटना म्हणून दिसतं, फक्त शोधायचा धीर हवा. हा लॉग सहा महिनेच टिकतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. हिशोब काठावरचा आहे, म्हणून आम्ही दर तिमाहीला लॉग उतरवून ठेवतो.

ॲक्सेस गेला, आकडे जातच राहिले

ट्रिगर काढल्यावर सोमवार कोरा गेला. मी तर्री पोहे मागवून सगळ्यांना खाऊ घातले. गुरुवारी काटोलचा तोच डीलर: "नाही ना भाऊ, अजून सांगून राहिले ते."

हे शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. 'रूट चार्ट' नावाची एक साधी शीट होती, कोणत्या गावाला कोणत्या दिवशी गाडी जाते त्याची. गुपित काहीच नाही, म्हणून ती कोणी तपासत नव्हतं, आणि तिच्यात तो सेल्सवाला अजून होता. तिच्या शेवटच्या टॅबमध्ये कोणीतरी सोयीसाठी इम्पोर्टरेंज लावून आजचे दर ओढून आणले होते. या सूत्राला एकदा 'अलाव ॲक्सेस' दिलं की ज्याने दिलं तो मूळ शीटवर असेपर्यंत ते चालू राहतं. देणारा आमच्याकडेच कामाला होता. म्हणजे डीलर रेटच्या यादीत तो सेल्सवाला नाही, लॉगमध्ये काही नाही, आणि दर मात्र शेजारच्या शीटमधून रोज ताजे वाचता येत होते.

म्हणून मूळ फाइल तपासून थांबू नका. तिच्यातून पाणी कुठे कुठे जातं ते बघा. फाइल मेन्यूतलं 'पब्लिश टू वेब' चालू आहे का तेही बघा. ते चालू असेल तर शेअर यादी कितीही आवळा, पान बाहेर उघडं राहतं. आमच्याकडे एका जुन्या दरपत्रकाचं ते चालू होतं, कोणाच्यातरी टीव्ही डॅशबोर्डच्या हौसेपायी.

आणि एक कडू गोष्ट: या काळात त्याने शीटची प्रत काढून घेतली असेल तर ती गेली. ती परत आणायची कुठलीही कळ नाही. आम्ही दर बदलले आणि पुढे गेलो.

झिरो ट्रस्टवाले साहेब

याच धांदलीत एक विक्रेते येऊन गेले, रंगीत माहितीपत्रक घेऊन. पानापानावर झिरो ट्रस्ट, म्हणजे आतला माणूस असला तरी आपोआप विश्वास ठेवायचा नाही. शब्द नवा नाही. २०१० मध्ये जॉन किंडरवाग यांनी तो रूढ केला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने त्यावर ८००-२०७ क्रमांकाचा दस्तऐवज काढला. त्यातलं एक तत्त्व मला या प्रकरणात फार लागू पडलं: परवानगी त्या त्या सत्रापुरती द्यायची, आधी कधी दिली होती म्हणून आज चालू ठेवायची नाही. आमच्याकडे झालं ते नेमकं याच्या उलट. दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या एका 'हो'वर यंत्रणा दर सोमवारी विसंबून होती. आत बसलेला माणूस म्हणून माझ्यावर कोणी संशय घेतला नाही, मीही नाही.

विक्रेत्यांचं पॅकेज आम्ही घेतलं नाही. डिव्हाइस कोणतं, कुठून येतंय हे तपासून आत सोडणाऱ्या सोयी वरच्या प्लॅनमध्ये असतात, चांगल्या असतात, पण ज्याच्याकडे रीतसर परवानगी आहे त्याला त्या अडवणार नाहीत. आमचा सेल्सवाला रीतसरच आत येत होता. त्यांनी सुचवलं तसं ॲडमिनचं खातं वेगळं केलं, ते करायलाच हवं होतं. पण त्यानेही हे थांबलं नसतं, कारण स्क्रिप्ट माझ्या ॲडमिनपणावर नाही, फाइलच्या मालकीवर चालत होती.

मग काय केलं ते सांगतो. डीलर रेट माझ्या माय ड्राइव्हमधून उचलून शेअर्ड ड्राइव्हमध्ये टाकली. तिथे फाइल संस्थेची होते, कोणा एकाची नाही, मी उद्या गेलो तरी. तिथे माणसांची नावं टाकायची नाहीत, फक्त ग्रुप. ग्रुपमध्ये माणूस घालायचं आणि काढायचं काम एचआरच्या मॅडमकडे, कारण कोण आलं, कोण गेलं हे त्यांना माझ्याआधी कळतं. खाजगी जीमेल बंद; ज्या पोरांचा मोबाइल खरंच अडत होता त्यांचे फोन मी बसून लावून दिले. चाळीसपैकी अडलेले निघाले फक्त तीन. बाहेरच्या माणसाला द्यायचाच असेल तर मुदत घालून. ही सोय सगळ्या प्लॅनमध्ये नाही. नसेल तर वहीत तारीख लिहा, पण लिहा.

आणि स्क्रिप्ट? ती ठेवली, पण तिचं काम उलटं केलं. ती आता कोणालाही परवानगी देत नाही. दर सोमवारी सहा वाजून काही मिनिटांनी ती महत्त्वाच्या फोल्डरांतून फिरते, कंपनीबाहेरचा पत्ता दिसला की यादीत घालते आणि मला व एचआरच्या मॅडमना मेल करते. देणाऱ्या स्क्रिप्ट आमच्याकडे आता नियमानेच बंद आहेत. माझं स्पष्ट मत आहे: यंत्राने परवानगी मोजावी, वाटू नये.

मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर

थोडक्यात. तिथे हेच दुखणं शेअरपॉइंटच्या शेअरिंग लिंकमधून येतं. माणूस ग्रुपमधून काढला तरी त्याला आधी पाठवलेली लिंक फाइलवर वेगळी परवानगी म्हणून उरते. फाइलच्या 'मॅनेज ॲक्सेस'मध्ये लिंकांचा भाग उघडून ती काढावी लागते. ॲप्स स्क्रिप्टच्या जागी तिथे पॉवर ऑटोमेट असतं, आणि त्याचा फ्लो ज्याने जोडणी करून दिली त्याच्या नावाने चालतो. काढल्यावर लगेच तपासून घाबरू नका. एन्ट्राचं (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सांभाळणारी सेवा) ॲक्सेस टोकन, म्हणजे आत यायचा तात्पुरता पास, साधारण तास ते दीड तास जगतं, त्यामुळे थोडा वेळ माणूस आत दिसू शकतो. घाई असेल तर ॲडमिनमधून त्याची सत्रं रद्द करा.

आमच्याकडे या सोमवारच्या मेलला नाव पडलंय 'मारबत', म्हणजे नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाईट ते घेऊन जा म्हणत मिरवून जाळतात तो पुतळा. डिस्पॅचवाल्यांनी ठेवलं. मेल आला की कोणीतरी ओरडतंच, "जुने ॲक्सेस घेऊन जा गे मारबत!" मी त्यांना म्हटलं, मारबत वर्षातून एकदा निघते, ही दर आठवड्याला. ते म्हणाले, घाण पण दर आठवड्याला होते न भाऊ.

या सोमवारच्या यादीत एकच पत्ता होता. खाजगी जीमेल, अकाउंट्सच्या फोल्डरवर, व्ह्यूअर. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, सीएकडचा आर्टिकल (शिकाऊ) आहे, ऑडिट ३० सप्टेंबरपर्यंत चालेल. मी मुदत १ ऑक्टोबर टाकली.